झरा ताब्यात लिहिला नव्हता

२६ जानेवारीला झेंडावंदन आटोपले आणि आमच्या पनवेलच्या सोसायटीचे सेक्रेटरी चहा हातात देत म्हणाले, "हवलदारसाहेब, एकदाच काय ते युद्ध करून टाकलं पाहिजे. काय म्हणता?" भोवतीच्या पाच-सहा जणांनी माना हलवल्या. मी चहा संपवला. उत्तर आता लिहितो.

नियंत्रण रेषेवरच्या आमच्या चौकीत आम्ही चौदा जण होतो. बर्फ वितळवायला रॉकेल पुरत नसे. पाणी खालच्या नाल्यातल्या झऱ्याचे. समोरच्या चौकीचेही तेच. सकाळी सातला आमची माणसे जेरीकॅन घेऊन उतरत, आठला त्यांची. तेवढ्या वेळात कोणी गोळी झाडत नसे. हे कधी, कोणी ठरवले, कोणालाच माहीत नव्हते. बाकी दिवसभर फायरिंग चाले.

पाण्याची ड्यूटी बहुतेक लान्स नाईक बबनची. तो उरणजवळच्या मोऱ्याचा. म्हणायचा, "सायेब, घरी दर्या हाय, पन प्यायाला टँकर. हितं बर्फ हाय, पन प्यायाला दुश्मनाचा झरा. आमचं नशीबच खारट!"

मग आमच्या जागी दुसरे युनिट आले. ताबा देताना दारूगोळा, बंकर, सुरुंगांचे नकाशे, सगळे लिहून दिले. शत्रूशी असलेली समजूत लिहिता येत नाही. ती मी नव्या सुभेदारांना तोंडी सांगितली.

"साब, आठ बजे उनकी पानी पार्टी आती है. फायर नहीं होता."

"दुश्मन के साथ टाइम-टेबल?" ते हसले. "भाईचारा चला रहे थे क्या, हवलदार?"

दुसऱ्या सकाळी, आम्ही चौकी सोडण्याआधी, बबन दोन नव्या जवानांना झऱ्याची वाट दाखवायला गेला. भरलेले जेरीकॅन घेऊन नवे जवान हळू चढत होते. बबन सर्वांत मागे होता. आठला समोरची माणसे झऱ्यावर आली आणि आमच्या बाजूने नव्या गनरने एलएमजी, म्हणजे हलकी मशीनगन, चालवली. त्यांचा एक जण पडला. लगेच उत्तर आले. बबनच्या पोटात गोळी लागली.

आम्ही चौकीतून खाली धावलो आणि त्याला खडकाआड ओढले. मी वायरलेस सेटवर बोललो, "वन कॅज्युअल्टी. स्ट्रेचर भेजो. ओव्हर."

"फायर रुकने तक वेट. आउट."

फायर दुपारपर्यंत थांबले नाही. बबन पाणी मागत राहिला. पोटात गोळी लागलेल्याला पाणी द्यायचे नसते. जेरीकॅन शेजारीच होता. "तुमी बी काय मानूस हाव?" तो मला म्हणाला. खाली डॉक्टरांच्या एड पोस्टला पोहोचण्याआधी तो गेला.

युद्ध कधीच करू नये, असे मी म्हणत नाही. ती चौकी गेली असती, तर खालची गावे गेली असती. वर चढून आलेल्यांवर मी गोळ्या झाडल्या आहेत. त्याचा पश्चात्ताप नाही. पण त्या सकाळी गनरने शत्रूवर फायर केले, शत्रूने आमच्यावर. नियमाने पाहिले तर कोणीच चुकले नाही. मला चीड येते ती याचीच. दोन्ही चौक्या होत्या तिथेच राहिल्या. झऱ्यावर पुन्हा कोणी उतरले नाही.

झेंडावंदनाहून निघताना सेक्रेटरींनी विचारले होते, "शहिदांच्या घरच्यांना सरकार देतं ना सगळं?"

देते. बबनची पेन्शन त्याच्या आईच्या खात्यात वेळेवर जमा होते. मी मोऱ्याला गेलो की आई पैशांबद्दल बोलत नाहीत. एवढेच विचारतात,

"सायेब, पानी तरी पाजलंत ना त्याला?"

मी डॉक्टरी नियम समजावून सांगतो. त्या मान हलवतात. पुढच्या खेपेला पुन्हा विचारतात.