बक्षीस देणाऱ्यांची नावं

गुडीहत्नूरच्या मंडल ऑफिसात मोतीराम दवणे अटेंडर होता. सकाळी सगळ्यांच्या आधी येऊन कुलूप काढायचं, टेबलं पुसायची, माठ भरायचा, साहेबांनी बेल दाबली की आत जायचं आणि संध्याकाळी पहाणीची, म्हणजे जमीन-पिकांच्या नोंदींची, दप्तरं बांधून कपाटात ठेवायची, हे त्याचं काम. ते तो चोख करी. ऑफिसात त्याच्याबद्दल कुणाची तक्रार नव्हती आणि त्याचं कौतुकही कुणाला नव्हतं. पण संध्याकाळी खाकी सदरा खुंटीला टांगून तो पेटीपुढं बसला की वस्तीतली पोरं आपोआप गोळा होत. मग तो अटेंडर नसे, मोतीराममामा असे.

हमरस्त्याच्या कडेची ती वस्ती पैनगंगेपलीकडून आलेल्यांची. आजोबा-पणजोबा कापूस वेचायला म्हणून नदी उतरून आले आणि इकडचेच झाले. राज्य आंध्र प्रदेशाचं, शाळा तेलुगू, ऑफिसचा कागद तेलुगू. पोरं तेलुगूत पाढे म्हणत, तेलुगूत परीक्षा देत, पुढं कुणी मास्तर, कुणी क्लार्क होई. मराठी उरली ती चुलीपुढं आणि मोतीरामच्या पेटीपुढं. म्हणून वस्तीला आपल्या गायन पार्टीचा फार अभिमान. उटनूरला भीमजयंतीला बोलावणं आलं, बाजारहत्नूरच्या पाटलानं गाडी धाडली, की चार दिवस बाजारात दुसरा विषय नसे. भाजीवालीनं नुसतं "काय म्हणतं गाव?" विचारलं तरी बाया सांगायला सुरुवात करत, "गाव बरं हाय, पन आमच्या गौतमीचं गानं ऐकलं का तुमी?"

ती पेटीसुद्धा वस्तीचीच. एका सुगीत बायांनी आपल्या वेचणीच्या वाट्यातला पसापसा कापूस बाजूला काढला आणि त्यातून पेटी आली. त्यामुळे मोतीरामनं पोरांना सुरांच्या आधी एक गोष्ट शिकवली होती. गाणं चालू असताना कुणी उठून बक्षीस दिलं, मग तो एक रुपया का असेना, तर गाणं थांबवायचं, देणाऱ्याचं नाव मानानं घ्यायचं, "मंडळ त्यांचं आभारी आहे" म्हणायचं आणि मगच पुढचं कडवं.

"सूर चुकला तर मी सांभाळून घेईन," तो म्हणे. "मानसाचं नाव चुकलं त कोन सांभाळन?"

त्यालाही कारण होतं. वस्तीतल्या म्हाताऱ्यांची नावं जन्मभर शेताच्या बांधावरून ओरडूनच घेतली गेली होती. ए धोंड्या, ए भागे. तीच माणसं रुपयाची नोट धरून मांडवात उठत आणि भोंग्यातून गावभर ऐकू येई, "धोंडीबाराव यांच्याकडून…" तेव्हा धोंडीबा मागं वळून बघे, सगळ्यांनी ऐकलं ना म्हणून.

या चांगल्या सवयीनंच गेल्या साली घात केला होता. आदिलाबादला जिल्हा युवजनोत्सव होता. प्रत्येक शाळेच्या गटाला आठ मिनिटं आणि पहिला गट हैदराबादला जाणार. वस्तीतली झाडून सगळी माणसं एका लॉरीत बसून आली. पार्टीत पुढं गाणाऱ्या गौतमीनं पहिलं कडवं असं काही उचललं की मागं बसलेली परकी पोरंही गप्प झाली. आणि तेवढ्यात धोंडीबा उठला. गौतमी थांबली, नाव घेतलं, आभार मानले. तिची आजी चंद्रभागा उठली. मग मारोतराव. मग रांगच लागली. दुसरं कडवं अर्ध्यावर असताना घंटा वाजली आणि माइक बंद झाला.

"टैम अयिपोयिंदी," निवेदक हात जोडून म्हणाला. वेळ संपली होती.

परीक्षकांपैकी एक म्हातारे गृहस्थ मुद्दाम खाली उतरून मोतीरामपाशी आले. "आवाज तो बहुत अच्छा है बच्ची का," ते म्हणाले, "मगर गाना किधर सुने हम?"

मोतीरामला त्यांचा राग आला नाही. उलट त्यांनी आपलेपणानं सांगितलं म्हणून तो त्यांना कायम दुवा देई.

आता पुन्हा युवजनोत्सव आला होता. गौतमी दहावीला होती. पुढच्या साली ती इंटरला, म्हणजे अकरावीला, आदिलाबादला जाणार, म्हणजे शाळेच्या गटातून तिची ही शेवटची खेप. आणि तिच्यासारखा आवाज आपल्या हाताखाली पुन्हा येईल, अशी आशा मोतीरामला नव्हती. त्यानं यंदा गाणं स्वतः बांधलं होतं:

नदी उतरून आली माय,
कापसाच्या रानी रोवले पाय.

गाणं बसलं. सात मिनिटांत चोख बसलं. आता एकच काम उरलं होतं आणि ते पोरांकडं नव्हतं. मोतीराम घरोघर गेला.

"यंदा बक्षीस द्यायचं नाई," त्यानं मारोतरावला सांगितलं.

"काऊन? आमची नोट खोटी हाय का?"

"नोट खरी हाय. टैम कमी हाय."

"बाप्पा! ऑफिसात राहून राहून तू साहेब झाला, मोतीराम. आता कौतुक करायलेबी अर्ज लागते का?"

चंद्रभागा तर चुलीपुढून उठलीच नाही. "माही नात गाईन अन् मी दगडावानी बसू? लोक म्हंतीन, आजीले आवडलं नाई वाटते."

"लोकायले मी सांगतो, माय."

"काय सांगशीन? तेलुगूत सांगशीन का मराठीत?"

सगळ्यात शेवटी तो धोंडीबाकडं गेला. म्हातारा बाजेवर बसून वात वळावी तसा पायाचा पंजा चोळत होता. त्यानं सगळं ऐकून घेतलं.

"पोरीच्या तोंडून माहं नाव आलं का," तो शेवटी म्हणाला, "मले पुढचे चार महिने दुखनं येत नाई, मोतीराम. हे तुले ठाव हाय?"

"ठाव हाय, आबा."

"तरी मागून राह्यला?"

"तरी मागून राह्यलो. हैदराबाद मागून राह्यलो तुमच्यापाशी. तिच्यासाठी."

धोंडीबानं हात झटकला. "जाय. नाई उठत. पन मले पह्यल्या रांगेत बसव. निदान तोंड त पाहीन."

तेवढ्यावर वस्ती कबूल झाली. धोंडीबा नाही उठणार म्हटल्यावर दुसरा कोण उठतो?

युवजनोत्सवाच्या दिवशी सभागृह गच्च भरलं होतं. पुढच्या दोन-तीन रांगांत वस्तीची माणसं धुतले कपडे घालून बसली होती, हात मांडीखाली दाबून, जणू हातांनी ऐनवेळी दगा द्यायला नको. गौतमी उभी राहिली. मोतीरामनं भाता ओढला, सूर दिला आणि पहिलं कडवं निघालं. ते चांगलं गेलं. कडवं संपलं, कोरसच्या पोरांनी ओळ उचलली आणि गौतमीनं सवयीनं समोर पाहिलं.

कुणीही उठलं नाही.

पोरीला सगळं आधी सांगून ठेवलं होतं. तिनं मानही हलवली होती. पण कळणं वेगळं आणि दिसणं वेगळं. सातव्या वर्षापासून ती गात होती आणि एवढ्या वर्षांत गाणं जमलं की माणसं उठतात, नाही जमलं की बसून राहतात, एवढा एकच हिशेब तिला ठाऊक होता. समोर आजी ओठ मिटून दगडासारखी बसली होती. धोंडीबाचा चेहरा तर खटला हरल्यासारखा. दुसऱ्या कडव्याचा पहिला सूर गौतमीनं घेतला आणि तो खालीच पडला. दुसरा कापला. ढोलकीवाल्यानं घाबरून मोतीरामकडं पाहिलं.

मांडवात असता तर तो "थांब पोरी" म्हणाला असता, पाणी दिलं असतं, पुन्हा सुरुवात केली असती. इथं थांबणं म्हणजे गेल्या सालासारखं घरी जाणं. हात पेटीवर अडकलेले. कोरसनं ओळ धरली तेव्हा तो तिच्याकडं झुकला आणि माइकला ऐकू जाणार नाही अशा बेतानं म्हणाला,

"धोंडीबारावाकडून."

गौतमीनं चमकून त्याच्याकडं पाहिलं. मग समोर धोंडीबाकडं. बक्षीस घेताना झुकवायची तशी मान तिनं किंचित झुकवली. तिसऱ्या सुराला आवाज जागेवर आला.

"चंद्रभागाबाईकडून," पुढच्या कोरसला मोतीराम म्हणाला. पुन्हा मान झुकली. "मारोतरावाकडून. सखूबाईकडून." प्रत्येक कोरसच्या आडून तो नावं देत गेला आणि प्रत्येक नावानिशी पोरगी त्या त्या माणसाकडं बघून गाऊ लागली. गाणं नदी उतरून आलेल्या बायांचं आणि त्या बायांच्या लेकी-सुना समोरच बसलेल्या. चंद्रभागाच्या डोळ्यांना धार लागली, पण तिनं हात काही मांडीखालून काढला नाही. शेवटची ओळ संपली तेव्हा घंटा अजून वाजायची होती.

निकाल संध्याकाळी लागला. निवेदकानं तेलुगूत गुडीहत्नूरच्या शाळेचं नाव घेतलं आणि पुढच्या रांगांतले सगळे हात एकदम मोकळे झाले. गेल्या सालचे ते म्हातारे परीक्षक यंदाही होते. त्यांनी लांबूनच मोतीरामला हात केला. मोतीरामनं दोन्ही हात जोडले आणि ते नजरेआड होईपर्यंत जोडूनच ठेवले.

बाहेर लॉरीपाशी आल्यावर गौतमीनं सगळ्यांना सांगून टाकलं, मामानं स्टेजवर कसं केलं ते. मग एकच गिल्ला झाला.

"माहं नाव पह्यलं घेतलं का?" धोंडीबानं विचारलं.

"पह्यलंच, आबा."

"राव लावलं का?"

"लावलं."

"मंग हे घे." त्यानं खिशातली चुरगळलेली नोट काढली. "नाव फुकट घ्यायचं नाई कोनाचं."

"अन् माहं कितवं?" मारोतराव पुढं झाला. "सखूबाईच्या आधी का मागून?"

"आधी."

"पहा व सखू, आधी!"

"तुमची उंची जास्त हाय म्हनून आधी दिसले असान," सखूबाई म्हणाली आणि लॉरी हसली. प्रत्येकानं आपलं बक्षीस गौतमीच्या ओढणीत टाकलं. तिनं एकेकाच्या पाया पडून आभार मानले. त्यासाठी गाणं थांबवायची आता गरज नव्हती.

मोतीरामची बायको पंचफुला भाकरीचं गाठोडं सोडत एका बाजूला बसली होती. ती म्हणाली, "अन् माहं?"

मोतीराम ढोलकीची दोरी उगाच आवळू लागला.

"अवो, ऐकू नाई आलं का? माहं नाव कितवं घेतलं?"

घेतलंच नव्हतं. वस्तीतली यच्चयावत माणसं त्याला आठवली होती आणि जिच्या ओसरीवर ही पार्टी इतकी वर्षं बसत आली, जिनं ढोलकी उन्हात ठेवून ताणून दिली, पोरांचे घसे बसले की आल्याचा काढा करून पाजला, ती तेवढी राहून गेली होती. पंचफुला रागावली नाही. तिनं भाकरीचा तुकडा मोडला, त्यावर ठेचा ठेवला आणि त्याच्या हातात दिला.

"खा. सगळ्यायची नावं घेऊन घसा सुकला असन."

तो ठेचा मोतीरामला हैदराबादपर्यंत झोंबला.

हैदराबादला सभागृह केवढं तरी मोठं होतं आणि त्यात आपलं म्हणावं असं एक माणूस नव्हतं. गटाचा नंबर आला नाही. पण गौतमी तिथं घाबरली नाही, एकही सूर खाली पडला नाही आणि गाणं संपल्यावर ज्यांना मराठीचा एक शब्द कळत नव्हता त्यांनीही भरपूर टाळ्या दिल्या. मोतीरामला तेवढं पुष्कळ होतं.

परतीची बस गुडीहत्नूरला थांबली तेव्हा अर्धी वस्ती फाट्यावर उभी होती. गौतमी खाली उतरली ती गर्दीतून थेट पंचफुलाकडं गेली.

"मामी, तिकडं मामानं एकच नाव घेतलं. पुऱ्या गान्यात. घडीघडी तेच."

"कोनाचं व?"

गौतमी हसली. बाया हसल्या. सखूबाईनं पंचफुलाला कोपरानं ढोसलं. पंचफुलानं मान खाली घातली, पदराची गाठ सोडली, त्यातून नाणं काढलं आणि सगळ्यांदेखत मोतीरामपुढं धरलं.

"घ्या. आता म्हना."

मोतीराम नाणं घेऊन उभा राहिला. आयुष्यभर पोरांना शिकवलेलं वाक्य त्याच्याच तोंडून फुटेना. शेवटी तो खाकरला.

"पंचफुलाबाई यांच्याकडून बक्षीस आलं," तो पुटपुटला, "मंडळ त्यांचं आभारी आहे."

"आँ?" मागून धोंडीबा ओरडला. "ऐकू नाई आलं लेका! भोंग्यावानी म्हन!"

मोतीरामनं ते पुन्हा म्हटलं. या खेपेला हमरस्त्यापलीकडच्या चहावाल्यानंही मान वर करून पाहिलं.