नामदेवरावांचा पोहतानाचा फोटो

पोहणाऱ्यांचे किस्से कठड्यावर वाळत टाकलेल्या टॉवेलांसारखे असतात. ज्याचा तो टाकून निघून जातो आणि ते गोळा करायला शेवटी कुणीतरी एक उरतं. आमच्या म्हैसूरच्या ग्रुपमध्ये ती मी!

ग्रुप पन्नाशीपुढच्यांचा. उघड्यावरचा स्विमिंग पूल, वर्षातून एकदा आमचीच स्पर्धा, आणि फोटो काढायचा माझा नवरा, सुहास. साऱ्या पूलचे फोटो काढले त्याने. घरात माझा एक धड फोटो नाही, ही माझी जुनी तक्रार. मागच्या वर्षी सुहास गेला. या वर्षी स्पर्धा जवळ आली तसे कुलकर्णी साहेब, म्हणजे आमचे निवृत्त बँक मॅनेजर, घरी आले. चहा घेतला. मग म्हणाले, "वहिनी, कॅमेरा घरीच आहे ना?"

झाले मी फोटोग्राफर!

*

टोपी आणि गॉगल चढवला की सगळी माणसं एकसारखी दिसतात. कुलकर्णी साहेबांनी एकदा बटरफ्लायचा एक जबरदस्त फोटो डीपीला लावला. सहा महिने कौतुक झेललं. मग एक दिवस ग्रुपमधला एकजण अदबीने म्हणाला, "फोटो छान आलाय, साहेब. फक्त बोटातली अंगठी माझी आहे!"

*

चेहरा दिसतो तो श्वास घेताना, आणि तो कुणालाच आवडत नाही. आमच्या एका प्रोफेसर बाईंनी स्वतःचा फोटो बघितला आणि हादरल्या.

"ही कोण एवढी किंचाळतेय? डिलीट करा!"

शेजारी त्यांची मुलगी उभी होती. म्हणाली, "अम्मा, घरी रोज हाच चेहरा असतो!"

*

पूलच्या भिंतीपलीकडे चौक आहे. एकदा सगळे उडीच्या पवित्र्यात उभे असताना चौकातल्या ट्रॅफिक पोलिसाने शिट्टी मारली. कुलकर्णी साहेबांनी एकट्यानेच उडी टाकली. आम्ही ओरडतोय, पण पाण्यात कुणाला ऐकू येतं? पूर्ण पन्नास मीटर पोहून ते बाहेर आले आणि दोन्ही हात वर केले.

"साहेब, स्पर्धा अजून सुरू नाही झाली!"

"तुमची नसेल," ते धापा टाकत म्हणाले. "माझी संपली!"

*

आता नामदेवराव. मंडी मोहल्ल्यात त्यांचं शिलाईचं दुकान. घराणं पिढ्यानपिढ्या म्हैसूरचं, त्यामुळे मराठी बोलता बोलता कन्नडमध्ये कधी शिरतात त्यांचं त्यांनाही कळत नाही. पोहतात फक्त पन्नास मीटर, म्हणजे पूलची एकच लांबी, आणि श्वास घेतात तो फक्त डावीकडे. डावीकडे झाडाखाली पायऱ्या आहेत. मी तिथे कॉफीचा फ्लास्क घेऊन बसायची. सुहास उभा राहायचा उजवीकडे, भिंतीजवळ, भर उन्हात. त्यामुळे दरवर्षी फोटोत नामदेवरावांचं डोकं यायचं. मागून!

दुकानात एक रिकामी फ्रेम टांगलेली. त्यांची बायको शारदाक्का दरवर्षी विचारायची, "ह्या वर्षी तरी तोंड आलं का?"

"बाहेर आल्यावर उभ्याने काढू की," मी एकदा सुचवलं.

"उभ्याचा आधार कार्डावर हाय, अक्का. पोहतानाचा पाहिजे!"

सुहासच्या ते किती विनवण्या करायचे. "सर, बन्नी की इकडे, सावलीत या. एक वर्ष फक्त!"

सुहासचं उत्तर ठरलेलं. "प्रकाश इकडूनच चांगला."

*

या वर्षी मी ठरवलं, नामदेवरावांचा चेहरा आणायचाच. प्रकाश गेला खड्ड्यात! पहिल्यांदाच मी कॅमेरा घेऊन डावीकडे, माझ्याच जुन्या पायरीवर उभी राहिले.

शिट्टी झाली. या वेळी आमचीच. अर्ध्या अंतरात नामदेवराव चौथे होते, मग तिसरे. शारदाक्का पदर खोचून काठाने धावत होती. "नडी, नडी! चला हो!" शेवटच्या हातांना ते दुसरे, आणि भिंतीला हात लागला तेव्हा पहिले! जन्मात पहिल्यांदा पहिले! शारदाक्काने साडीसकट पाण्यात पाय टाकला. मी बटण दाबून धरलं होतं, बोट दुखेपर्यंत.

मी धावत शेवटच्या टोकाला गेले. नामदेवराव बाहेर येऊन, पाणी निथळत, थेट माझ्याकडे आले.

"आलं का तोंड, अक्का? वर्षभर प्रॅक्टिस केली. सर बाजू बदलत नव्हते, तुम्हीही सरांच्याच जागी उभ्या राहणार, मग मीच बदललो. आता श्वास उजवीकडे!"

मी कॅमेऱ्याकडे बघितलं. मग त्यांच्याकडे.

"नामदेवराव... मी डावीकडे होते."

ते मटकन काठावर बसले. "अय्यो देवरे!" आणि मग इतके हसले, इतके हसले, की हातातला गॉगल खाली पडला.

"असू दे हो अक्का! पहिल्या नंबराचं डोकं आहे ते!"

*

दुसऱ्या दिवशी मी फोटो घेऊन दुकानात गेले. शारदाक्का म्हणाली, डोकंच लावायचं तर त्यातलं चांगलं निवडून लावू. तिने सुहासने दरवर्षी दिलेले सगळे फोटो कापडाच्या टेबलावर मांडले. माप घेतल्यासारखी एकेकावरून बोट फिरवत गेली आणि थांबली.

"नोडी, बघा अक्का, तुम्ही."

डोक्यामागे, पायऱ्यांवर, मी. कॉफी ओतताना. पुढच्यात जांभई देताना. त्याच्या पुढच्यात कुणावर तरी डाफरताना. केस काळे असलेली, मग थोडे पांढरे, मग बरेच. नामदेवरावांचं डोकं सगळीकडे धूसर. मी मात्र लख्ख.

नामदेवरावांनी चष्मा लावला, एकेक फोटो उचलून नीट पाहिला, सगळ्यांची चळत केली आणि दोन्ही हातांनी माझ्यापुढे धरली.

"हे तुमचे फोटो, अक्का. सॉरी हां, माझं डोकं मधे आलं!"