तिसऱ्या कडव्यातली बांगडी

२९ सप्टेंबर. नवरात्राआधी स्वयंपाकघरातल्या फळ्यांवरचे कागद बदलायला घेतले. रद्दीतला एक कागद पसरला, कडेला घडी घातली आणि हात थांबला. निधनवार्तांच्या चौकटीत आमच्या जुन्या स्टुडिओतल्या बाईंचा फोटो होता. अंक दोन महिन्यांपूर्वीचा. खाली नवऱ्याचं नाव, खडकीचा पत्ता, आणि दोन शब्द : कुटुंबवत्सल गृहिणी.

गृहिणी! हातातला डाळीचा डबा मी ओट्यावर आदळला.

कॅसेटच्या काळात तुम्ही पुण्यात राहत असाल, तर या गृहिणीचा आवाज तुमच्या घरात येऊन गेलेला आहे. दंतमंजनाच्या जाहिरातीतलं बोबडं पोर म्हणजे त्या. जात्यावर ओवी म्हणणारी म्हातारी त्या. लावणीच्या कॅसेटमधली ठसकेबाज बाई त्याच, आणि आरतीमागे आठ बायका गातात असं वाटायचं, त्यातल्या निदान तीन त्या असायच्या. एकदा माइकजवळ उभ्या राहून, एकदा दोन पावलं मागे जाऊन, एकदा भिंतीकडे तोंड करून.

"कोणता आवाज देऊ?" आल्या की हाच प्रश्न. भाजीवालीने मेथी देऊ की पालक विचारावं, इतक्या सहज. "लाडिक देऊ, की जरा वय घालू?"

टिळक रस्त्याच्या मागच्या एका तळघरात तो स्टुडिओ होता. मी तिथे नोकरीला होते. कोणाला कधी बोलवायचं ते ठरवायचं आणि कॅसेटच्या डबीतल्या कार्डावरचा मजकूर छापायला द्यायचा, ही माझी कामं. भिंतींना आवाज घुमू नये म्हणून गालिचे ठोकलेले, त्यांना घाम, ओल आणि उदबत्तीचा मिळून एक वास. मालक भक्तिगीतं ऐकताना कपाटाच्या किल्लीने कान कोरायचा आणि मग तीच किल्ली माझ्यापुढे धरायचा. मी ती कागदात धरून घ्यायची. त्याला त्याचं काही वाटायचं नाही.

बाई खडकीहून बसने यायच्या. आत जाण्याआधी हातातल्या बांगड्या काढून रुमालात बांधायच्या आणि पुरचुंडी माझ्या टेबलावर ठेवायच्या. "सांभाळा हो." माइकला सगळं ऐकू जातं, बांगडी तर आधी.

आमच्या धंद्यात एक पद्धत होती, डमी. मोठ्या गायिकेला तालमीला वेळ नसतो. म्हणून आधी दुसऱ्या कुणाकडून अख्खं गाणं गाऊन घ्यायचं. मोठ्या बाई येतात, ते कानात घालून तसंच्या तसं गातात, आणि आधीचा आवाज पुसून टाकायचा. पुसण्यासाठी गायचं, असा तो प्रकार. बाई त्यातही जीव ओतायच्या. मला तो तेव्हा वेडेपणा वाटे.

देवीच्या एका गाण्याच्या डमीला बाई आल्या त्या दोन्ही हातांत हिरवा चुडा भरून. आदल्या दिवशी भाचीचं लग्न झालं होतं.

"निघतच नाहीत हो. सकाळी साबण लावून पाहिला."

"वाढवा की मग," मालक आतून ओरडला.

"लग्नघरच्या आहेत. अशा वाढवत नाही मी." बाईंनी एवढंच म्हटलं आणि दोन्ही मनगटांना माझे नि त्यांचे रुमाल करकचून बांधले.

गाणं झालं. तिसऱ्या कडव्यात सूर वर जातो तिथे बाईंचा हात सवयीने वर गेला आणि बांगडी वाजली. अगदी बारीक, किण. बाईंनी जीभ चावली. "पुन्हा घेऊ या?" रेकॉर्डिंगवाला म्हणाला, "राहू द्या, डमीच आहे. पुसायचीच तर आहे."

दुपारी मोठ्या गायिका आल्या. त्या वरच्या सुराला चारदा अडखळल्या. पाचव्यांदा त्यांनी घड्याळ पाहिलं, कानावरचे हेडफोन काढले आणि माझ्यादेखत मालकाला म्हणाल्या, "ती गायली आहे ना बरी? मग तेच ठेवा. कुणाला कळतंय?"

कुणालाच कळलं नाही. कार्डावर नाव त्यांचं छापलं गेलं. मजकूर मीच दिला होता.

ते गाणं असं काही चाललं की विचारू नका. पुढच्या नवरात्रात खडकीच्या क्वार्टर्समध्ये ते कर्ण्यावर लागलं, आणि बाई आनंदाने बोलून गेल्या, "हे मी गायलेय." शेजारणी हसल्या. नवऱ्याने कॅसेट आणून कार्ड पुढे धरलं : दाखव तुझं नाव.

तेव्हा बाई त्याला घेऊन स्टुडिओत आल्या. माझ्या टेबलासमोर उभ्या राहिल्या. "अहो, तुम्ही होतात ना त्या दिवशी. यांना जरा सांगा, हे कोण गायलंय."

काचेपलीकडे मालकाची कानातली किल्ली थांबली. तो माझ्याकडे बघत होता.

मी म्हणाले, "कार्डावर छापलंय तेच."

नवरा मोठ्याने हसला. "ऐकलंस? उद्या म्हणशील, रेडिओवरच्या बातम्याही मीच देते." आणि जिना चढताना कोपऱ्यात पचकन थुंकला. मला त्या माणसाची किळस आली, मालकाची आली, त्या घड्याळवाल्या गायिकेची आली. ज्या तोंडातून ते वाक्य गेलं होतं ते मात्र माझं होतं, आणि त्याला किल्लीसारखं कागदात धरून बाजूला करता येत नव्हतं.

बाई कामाला येत राहिल्या. प्रश्न तोच, "कोणता आवाज देऊ?" फक्त बांगड्यांची पुरचुंडी माझ्या टेबलावर पुन्हा कधी आली नाही. त्या ती स्वतःच्या पर्समध्ये घालायच्या, चेन लावायच्या आणि पर्स आत घेऊन जायच्या.

एकदा मी धीर करून म्हटलं, "बाई, त्या दिवशी माझी नोकरी..."

"असू दे हो. तुम्हाला जो आवाज देता आला, तो दिलात."

मग कॅसेटी संपल्या. हिंजवडीच्या कंपन्यांतली मुलं गळ्यात ओळखपत्रं अडकवून तळघरात उतरू लागली. टेलिफोनवर आपोआप बोलणारा आवाज हवा होता. एकजण म्हणाला, "मॅडम, मराठीसाठी दोन दाबा, हे जरा न्यूट्रल करा ना. पण व्हॉइसमध्ये स्माइल पाहिजे."

"ओठांनी हसू, की आतून?" बाईंनी विचारलं. तो हसला नाही. त्याने वहीत काहीतरी लिहून घेतलं.

स्टुडिओ बंद झाल्यावर आमची गाठ पडली नाही. खडकी काही लंडन नाही. मी गेले नाही, इतकंच.

तर आज तो कागद मी फळीवर घातला नाही. कपाटातून देवीची ती कॅसेट काढली, जुन्या टेपरेकॉर्डरवरची धूळ झटकली, तिसरं कडवं लावलं. किण. अजून आहे. वीस वर्षं हे शहर नवरात्रात ती बांगडी ऐकतंय.

३० सप्टेंबर. सकाळी टेप पिशवीत घालून मी खडकीची बस धरली. दार नवऱ्यानेच उघडलं. म्हातारा झालाय. मी कोण ते सांगितलं, टेप स्टुलावर ठेवला आणि गाणं लावलं.

"हे कशाला आता?" तो म्हणाला.

"तिसरं कडवं येऊ द्या."

बांगडी वाजली. मी टेप थांबवला. "लग्नातला हिरवा चुडा. निघत नव्हता म्हणून रुमाल बांधले होते. हे गाणं तुमच्या बायकोने गायलंय. मी तुमच्याशी खोटं बोलले."

तो टेपकडे वाकला. मग म्हणाला, "साबण मागत होती त्या सकाळी. मी ओरडलो होतो, सगळी वडी संपवतेस म्हणून." आणि माझ्याकडे वळून, "तेव्हा का नाही सांगितलंत?"

"नोकरी जाईल म्हणून."

"गेली असती?"

"गेली असती. दुसरी मिळाली असती."

डबीतलं कार्ड मी बाहेर काढलं. छापलेलं नाव खोडलं, वर बाईंचं पूर्ण नाव लिहिलं, खाली माझी सही केली आणि कॅसेट त्याच्या हातात दिली. त्याने ती बाईंच्या हार घातलेल्या फोटोपुढे ठेवली नाही, छातीशी धरली. दुसऱ्या हाताने त्याने दार उघडलं.

चहा विचारला नाही. मी त्याच्या जागी असते, तर मीही विचारला नसता.