बंदचालू आणि तीन नंबरची खिडकी

आमच्या ऑफिसात कॉम्प्युटर दुरुस्त करायला जो माणूस येतो, त्याला सगळे ‘बंदचालू’ म्हणतात. अगदी तोंडावर म्हणतात. काहीही बिघडलं तरी फोनवर त्याचं पहिलं वाक्य ठरलेलं, “बंद करून चालू करा.” बहुतेक वेळा तेवढ्यावर भागतं, आणि म्हणूनच त्याला कुणी मोजत नाही. नाहीच भागलं तर तो जिना चढून वर येतो. पन्नाशी उलटलेली, खांद्याला पिशवी, डोळ्यांखाली काळं. सगळ्या इमारतीला तो एकटाच. बरं, घरी तरी सुटका? म्हातारे वडील टीव्हीचं भलतंच बटण दाबून बसलेले असतात आणि ह्याने चपला काढायच्या आत म्हणतात, “आलास? हे बघ जरा.” हे त्यानेच मला चहा पिताना सांगितलं, आणि सांगता सांगता त्याचा डोळा लागला.

पाण्याच्या तक्रारी नोंदवून घेणं हे आमचं काम. मी दोन नंबरच्या खिडकीवर, आणि शेजारी तीन नंबरला एक बाई. कामाला चोख, बोलायला कमी. पण गेला महिनाभर त्यांच्या कॉम्प्युटरचं नेटवर्क मधेच तुटायचं. कोपऱ्यात लाल फुली यायची, अर्धी लिहिलेली तक्रार गडप व्हायची, आणि ज्याच्या नळाला आधीच पाणी नाही असा खिडकीपलीकडचा माणूस पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायचा. थोड्या वेळाने जोडणी आपोआप परत यायची. मग ये रे माझ्या मागल्या.

बंदचालू आला की बाई लगबगीने उठायच्या, “बसा दादा” म्हणून खुर्ची पुढे करायच्या आणि भिंतीशी उभ्या राहायच्या. तो बसला की कॉम्प्युटर जावयासारखा शहाणा वागायचा. त्याने केबल बदलली, आतलं कार्ड बदललं, सगळं पुसून नव्याने भरलं. साप साप म्हणून भुई धोपटून झाली. तो जिना उतरतो न उतरतो तोच बाईंच्या पुढ्यात फुली हजर.

रिकामटेकड्यांना विषय मिळाला. कुणीतरी म्हणालं, “बाईंचा पायगुण.” झालं, तोच शब्द ऑफिसभर फिरला. साहेबांनी तर त्यावर कळस चढवला. “नाचता येईना अंगण वाकडं. सोमवारपासून त्यांना खाली रेकॉर्डला पाठवा.” खाली म्हणजे तळघर. दिवसभर शिडीवर चढा, गठ्ठे काढा, उतरा. बाईंचे पाय दुपारपर्यंत भाकरीसारखे फुगतात, हे शेजारी बसून मला माहीत होतं. साहेबांना सांगितलं तर ते म्हणाले, “तुम्ही तुमची खिडकी बघा.” मला असा राग आला की जेवण गेलं नाही.

बाई मात्र रागावल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, “लग्न झालं त्याच आठवड्यात ह्यांची नोकरी सुटली. तेव्हापासून सासरी हाच शब्द ऐकत आले. वाटलं होतं, निदान इथे तरी सुटका असेल.”

शुक्रवारी दुपारी बंदचालू शेवटचं बघायला आला. बाई उठायला लागल्या तर त्याने हातानेच थांबवलं.

“उठू नका ताई. आता तुम्ही उठायचं, मी बसायचं, परत मी उठायचं. माझ्यात त्राण नाही. मी खालीच बसतो.”

आणि तो खरोखरच टेबलाखाली फतकल मारून बसला. वडीलधारा माणूस पायाशी बसलेला बघून बाईंनी चटकन पाय खुर्चीखाली ओढून घेतले.

“रोज ठेवता तसेच ठेवा,” तो खालून म्हणाला.

“बरं दिसत नाही, दादा.”

“मला आता तसंही काही दिसत नाहीये. ठेवा तुम्ही.”

बाईंनी चप्पल काढली आणि सुजलेला पाय जमिनीलगतच्या डबीवर टेकवला. भिंतीतून आलेली तार ह्याच डबीत संपते आणि कॉम्प्युटरची केबल तिच्यात खोचतात. मी पडद्याकडे बघत होतो. फुली आली. बाईंनी पाय उचलला, फुली गेली. पुन्हा ठेवला, पुन्हा आली. तो आला की बाई आदराने उठायच्या, आणि त्यांच्याबरोबर बिघाडही उठायचा. काखेत कळसा आणि गावाला वळसा.

बाई खाली बघत हळूच म्हणाल्या, “म्हणजे पायच माझा.”

त्याने डबी तळहाताने दाबली. फुली आली.

“हा घ्या माझा हातगुण,” तो म्हणाला. “आतली तार सैल आहे, ताई. कुणीही टेकलं तरी तुटेल.”

मग त्याने तार घट्ट बसवली आणि डबी टेबलाच्या मागे सरकवली. पिशवीतून यूपीएसचा एक निकामी ठोकळा काढून बाईंच्या पायाखाली ठेवला. “हा कधीच मेलाय. ह्याच्यावर खुशाल टेका.”

तेवढ्यात साहेब बाहेर आले. “काय निघालं शेवटी?”

सगळ्या माना वळल्या. ‘पाय’ एवढा एक शब्द त्याच्या तोंडातून निघाला असता, तरी ‘पायगुण’ बाईंना निवृत्तीपर्यंत चिकटला असता. बाई टेबलाची कड धरून बसल्या होत्या.

बंदचालूने गुडघ्यावर हात देत स्वतःला उभं केलं आणि पिशवी खांद्याला लावली.

“काही नाही साहेब. बंद केलं, चालू केलं.”

ऑफिस खदखदून हसलं. “एवढं सुचायला महिना लागला ह्याला,” साहेब म्हणाले. “बरं, बाईंचं खाली जायचं राहू द्या मग.” तो मान डोलावून जिन्याकडे गेला.

बाई हसल्या नाहीत. त्या उठून उभ्या राहिल्या होत्या, आणि जिन्यावरची त्याची पावलं ऐकू येईनाशी होईपर्यंत उभ्याच होत्या. मग बसल्या, पाय नीट टेकवले आणि खिडकीपलीकडच्या माणसाला म्हणाल्या, “हं, सांगा. कधीपासून पाणी नाही?”