पाच वर्षांची हमी

डिचोलीच्या बाजारात माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. मयेचे एक म्हातारे काका तिथे वरचेवर येतात. पोदेराकडच्या पावांच्या पिशवीतच त्यांचा लॅपटॉप असतो. कुर्ली खेकड्यासारखा तो काउंटरवर उलटा टाकून मोठ्या खुशीत सांगतात, "आवाज गेलो!" लॅपटॉप ज्या लिनक्स प्रणालीवर चालतो तिची नवी आवृत्ती आली की ती त्याच दिवशी घालायची, हा त्यांचा खाक्या. मग काहीतरी मोडतंच.

हृदयाच्या ऑपरेशननंतर ते पहिल्यांदा आले तेव्हा मी ठणकावलं, "काका, पुरे झालं. पाच वर्षं दुरुस्त्या मिळत राहतात ती जुनी, पक्की आवृत्ती घालतो. काही बिघडणार नाही." मी घातली.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडतो तर काका पायरीवर.

"आवाज गेलो!"

घरी जाऊन त्यांनी परत नवीच घातली होती. मी कपाळाला हात लावला.

"डॉक्टर म्हणता, जिनो चढू नको. म्हजो पूत म्हणता, स्कूटर काढू नको. आता तूंय म्हण, नवा काय बघू नको!"

मी बाहेर पाहिलं. दुकानासमोर त्यांचीच स्कूटर उभी होती.