दाभणाने शिवलेले दोन चॅप्टर

"ते चॅप्टर मी ऑप्शनला टाकलंय," असं बारावीचं कुणी पोर माझ्यासमोर म्हणालं की अजून माझं डोकं सणकतं. पेपरात पाचातले तीन प्रश्न सोडवायचे असतात, म्हणून एखादं चॅप्टर उघडायचंच नाही, ह्याला आमच्याकडे ऑप्शनला टाकणं म्हणतात. सगळेच टाकतात. मी पण टाकलं होतं, आणि ते कुणाच्या सांगण्यावरून टाकलं हे आठवलं की तळपायाची आग मस्तकात जाते. समोरचं पोर बिचारं उगाच माझी बोलणी खातं.

आमचं घर खांब गावाजवळ. भाताची शेती, भात कापलं की त्याच जमिनीत वाल. कॉलेज रोह्याला. घरात सायन्सला गेलेली मी पहिली, त्यामुळे माझ्या बारावीचा निकाल काय लागला तर काय करायचं, हे घरात आधीच ठरलं होतं. बाबा माझ्या मामाला म्हणाले, "गणितात मार्क पडले आनि इंजिनीअरिंगला नंबर लागला तर हिला पाठवतो. नाय लागला तर तू तिला कंपनीत चिकटव." मामा धाटावला एका केमिकल कंपनीत ऑपरेटर होता. तो म्हणाला, "चिकटवतो की." मी तिथंच वाल सोलत बसले होते. मला कुणी काही विचारलं नाही, पण मला ते मान्य होतं. माझं गणित चांगलं होतं आणि नंबर लागणार ह्यात मला शंकाच नव्हती.

दिवाळी झाली आणि उजळणीसाठी काय घ्यायचं हा प्रश्न आला. कॉलेजातल्या गणिताच्या मॅडमनी एका वाक्यात सांगितलं होतं, की बोर्डाच्या पुस्तकातली सगळी उदाहरणं दोनदा सोडव आणि मग घड्याळ लावून जुने पेपर. मला ते पटलं होतं. रोह्याला लागून असलेल्या अष्टमी गावातल्या एका दुकानात जुन्या पेपरांचा संच मी काढून ठेवायला सांगितला होता. मामाने हे ऐकलं आणि तो हसला.

"नुसतं पुस्तक वाचून कोन पास होतं गो? पेनला सर हायत, त्यांचं आयएमपी घे, येनाऱ्या प्रश्नांची यादीच देतात."

मामाने हे ज्ञान शिफ्टच्या बसमध्ये मिळवलं होतं. त्या बसमध्ये सगळ्या जगाचे निर्णय होत. एकाची पोरगी पेणच्या सरांच्या यादीवर पास झाली होती, दुसऱ्याच्या भाच्याला म्हणे यादीतलेच प्रश्न जसेच्या तसे पडले होते. ह्यातल्या एकालाही गणितातलं ग म्हणता येत नव्हतं, पण बसमधली मतं एक झाली की ती बोर्डाच्याही वरची. मी मात्र शहाणी होते ना, मला गणित येत होतं, मग मी का ऐकलं? कारण दोनदा सगळं पुस्तक सोडवण्यापेक्षा यादी सोपी होती. मी दुकानात जाऊन सांगितलं, तो संच नको. मामावर चिडते तेव्हा हे मी मुद्दाम आठवते.

मग दर रविवारी एसटीने पेण. खाली गणपतीचा कारखाना, वर क्लास. सर रुबाबदार, बोलायला गोड, सगळ्यांना "बाळा" म्हणायचे. सरांच्या क्लासची एक रीत होती. जानेवारीत एका रविवारी सर यादी सांगायचे, काय करायचं आणि काय सोडायचं. जे सोडायचं ते पुस्तकातून बंद करायचं. फाडायचं नाही, पुस्तक म्हणजे सरस्वती. शिवून टाकायचं. म्हणजे मन तिकडे जात नाही, असं सर म्हणायचे, आणि आम्ही साठ जणं माना डोलवायचो. त्या वर्षी व्हेक्टर आणि थ्री-डी हे दोन चॅप्टर शिवायचे होते. सर म्हणाले, दर वर्षी हेच दोन असतात, आणि दर वर्षी आपला निकाल बघा.

घरी आले आणि आईला सांगितलं. आईने भाताची पोती शिवायचं दाभण आणि सुतळी काढली. पुस्तक मांडीवर घेतलं, आधी कपाळाला लावलं आणि मग पानांच्या कडेने टाके घालायला लागली. दोन टाके झाल्यावर थांबली.

"ह्यातलं काय येनारच नाय व्हय?"

"नाय येणार. सरांनी सांगितलंय."

"मग छापलं कशाला गो?"

मी तिच्यावर खेकसले. तुला काय कळतंय, शीव गुपचूप, असं म्हणाले. चौथी शिकलेल्या बाईने त्या सगळ्या वर्षात एकच शहाणा प्रश्न विचारला आणि मी तिला गप्प केलं. तिने पोत्याच्या तोंडाला घालतात तसे घट्ट टाके घातले आणि टोकाला गाठ मारून दिली.

पेपरात ते आलं. आणि साधं आलं नाही, त्या वर्षी प्रश्नांची मांडणी अशी होती की व्हेक्टर आणि थ्री-डी टाळून पुढे जायला वाटच नव्हती. मी तीनदा प्रश्न वाचला. बाकी सगळा पेपर सोडवून झाला होता, हातात वीस मिनिटं होती आणि लिहायला काही नव्हतं. गणित चुकलं तर माणूस रडतो. मला रडू आलं नाही, मला लाज वाटली, कारण मी न येणाऱ्या माणसासारखी बसले होते आणि मला गणित येत होतं.

नंबर सात मार्कांनी गेला. बाबा ओरडले असते तर मी भांडले असते. शब्द दोन्हीकडून दिलेला होता. जुलैमध्ये मामाने मला कंपनीत चिकटवलं, पॅकिंगला, पहिली शिफ्ट. पावडरच्या पिशव्यांची तोंडं मशीनवर बंद करायची. माझ्याबरोबरच्या वाडीवरच्या बायका चांगल्या होत्या, डब्यातलं देत, चेष्टा करत. "शिकलेली हायस ना, मग मोज बरं किती पिशव्या झाल्या," म्हणत. त्यांच्यावर माझा राग नव्हता. राग कुणावर करायचा हेच मला तेव्हा नीट कळलं नव्हतं. नशीब म्हणायची रीत आहे, तेच मी म्हणत होते.

डिसेंबरातल्या एका सुट्टीच्या दिवशी मी विळीने त्या पुस्तकाची सुतळी कापली. का, ते माहीत नाही. बहुतेक जे येत नाही ते घरात पडलेलं मला सहन होत नव्हतं. पहिलं उदाहरण सोडवलं, दुसरं सोडवलं. चार सुट्ट्यांत दोन्ही चॅप्टर संपले. अख्ख्या पुस्तकात त्यांच्याइतकं सोपं काही नव्हतं. मी सुन्न झाले. अवघड म्हणून सोडलं असतं तर समजू शकले असते, पण जो माणूस गणित शिकवतो त्याने सगळ्यात सोपं तेच का सोडायला लावावं? आणि दर वर्षी तेच दोन?

पुढची सुट्टी जानेवारीत रविवारी आली, तशी पेणला गेले. वडखळला गाडी अडकली, पोचले तेव्हा क्लास भरलेला होता. नवी बॅच, पुन्हा साठ जणं. सर म्हणाले, "ये बाळा, काय म्हणतेस?" मी पुस्तक पुढे केलं. "सर, हे एक सोडवून दाखवा ना. चार बिंदू एकाच पातळीत आहेत हे दाखवायचंय."

सरांनी पुस्तक घेतलं, चष्मा वर केला, खाली केला. खडू हातात घेतला. फळ्यावर चार बिंदूंची नावं लिहिली, ए, बी, सी, डी. मग थांबले. मी बघत होते. आणि मला कळलं. सरांना ते येत नव्हतं. कधीच येत नव्हतं. इतक्या वर्षांच्या बॅचेसनी जे शिवून टाकलं, ते सोडायचं होतं कारण सरांना शिकवता येत नव्हतं. नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात, ह्या माणसाने तर साठ-साठ घरांतली अंगणंच बंद करून टाकली होती.

"हे आपण ऑप्शनला टाकतो ना," सर म्हणाले.

मी त्यांच्या हातातून खडू घेतला. एबी, एसी, एडी हे तीन व्हेक्टर काढले, त्यांचा डिटर्मिनंट मांडला, सोडवला, शून्य आला. सहा ओळी. अक्षर चांगलं आलं. मी मागे वळून म्हणाले, "हे एवढंच आहे. हे सोडू नका. मी सोडलं आणि आता धाटावला पिशव्या बंद करते."

सर खिडकीबाहेर बघत होते. मला वाटलं, आता कुणीतरी वही उघडेल.

पहिल्या बाकावरची एक पोरगी उभी राहिली. दोन वेण्या, माझ्यासारखीच कुठल्यातरी गावाहून एसटीने आलेली. तिने अगदी अदबीने विचारलं, "ताई, हे यादीत आहे का? नसेल तर पुसू का? सरांचं आयएमपी लिहून घ्यायचं राहिलंय."

मी खडू टेबलावर ठेवला. ती पुढे आली, डस्टर घेतलं आणि माझ्या सहाही ओळी नीट पुसल्या.