लीन ऑन हर

"खुर्ची पालकांसाठी आहे, मावशी. उठा," सुपरवायझर म्हणाले.

प्राचार्य मॅडमच्या केबिनमध्ये मी अर्धीच बसले होते. उठले. सोलापुरातल्या या इंग्रजी शाळेत सहा वर्षं मी मावशी होते. पोरांच्या ओकाऱ्या पुसायच्या, चड्ड्या बदलायच्या. माझी मुलगी तिथंच सातवीत, फी माफीवर.

आदल्या दिवशी एका सरांनी दुसरीतल्या पोराला ढकललं. बाकाच्या कडेवर कपाळ फुटलं. रक्त मी माझ्या पदरानं पुसलं. आता प्राचार्य मॅडमच्या टेबलावर कागद होता. पोरगं जिन्यावरून पडलं, मी पाहिलं, असा. सही माझी हवी होती.

"मॅडम, त्ये जिन्यात न्हाय पडलं. सरांनी ढकललं की."

मॅडमनी माझ्याकडं बघितलंही नाही. शेजारच्या सुपरवायझरना म्हणाल्या, "लीन ऑन हर. शी विल साइन."

माझ्यासमोर. मी म्हणजे कपाट.

सुपरवायझर गोड हसले. "मुलगी हुशार आहे तुमची. पुढच्या वर्षी फी माफी राहील की नाही, सांगता येत नाही. उद्या सांगा."

घरी भाकरी थापताना मुलीला विचारलं, "लीन ऑन म्हंजी काय गं?"

"टेकणं. आधार घेणं."

यांना माझा आधार हवाय, असं वाटलं. क्षणभर बरंही वाटलं. त्याची आजही लाज वाटते.

मुलीनं डिक्शनरी उघडली. "आई, अजून एक अर्थ हाय. भीती घालून माणसाकडून काम करून घेणं." तिनं माझ्याकडं बघितलं. "कुणाला म्हणाले असं?"

सांगितलं. तव्यावर भाकरी करपली.

"सही न्हाय केली तर माझी शाळा जाईल?"

"व्हय."

तिनं पुस्तक मिटलं. "मग जाऊ दे की."

सुट्टी मागितली, की फी माफीची आठवण. पगारवाढ मागितली, की तेच. सहा वर्षं. या प्रकाराला त्यांच्या भाषेत नावसुद्धा आहे, हे मला ठाऊक नव्हतं.

दुसऱ्या दिवशी त्यांचा मजकूर खोडला. खाली लिहिलं, सरांनी ढकललं, मी पाहिलं. मग सही केली. मोबाइलवर फोटो काढला आणि पोराच्या आईला पाठवला.

"परिणाम कळतायत ना?" मॅडम.

"व्हय. काल तुमी इंग्रजीत बोललात, त्ये बी कळलं."

महिनाअखेरीस मला काढलं. मुलीची शाळा सुटली. सर अजून तिथंच शिकवतात. पोराच्या आईच्या तक्रारीवरून लागलेल्या चौकशीला मला दोनदा बोलावलं, दोनदा साक्ष न घेता तसंच परत पाठवलं. अजून शंभरदा बोलवा. येईन. एक शब्द बदलणार नाही.